नदीतल्या सरदाराचा हात

आमच्या चाळीत सिनेमा दोन्ही बाजूंनी बघत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच उभं आहे.

लालबागला आमच्या दोन चाळी समोरासमोर, मध्ये अंगण. गणपतीत एका संध्याकाळी त्या अंगणाच्या बरोबर मधोमध दोन बांबू रोवायचे आणि त्यांना मांजरपाटाचा पडदा ताणून बांधायचा. कापड गिरणीतलंच, दोन पाट जोडून शिवलेलं, मध्ये आडवी शिवण. एका बाजूला मशीन आणि पुरुष. दुसऱ्या बाजूला बायका. बायकांना पुरुषांच्या गर्दीत बसवायचं नाही आणि घरात कोंडूनही ठेवायचं नाही, असा मंडळाने काढलेला हा मधला मार्ग. कोणाची तक्रार नव्हती. उलट आमच्या बाजूला मशीनची घरघर कमी आणि वाराही बरा.

कोरड्या कापडातून पलीकडचं नीट दिसत नाही, म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी पडदा भिजवायचा. ते काम आम्हा मुलींचं. बादलीत तांब्या बुडवायचा आणि पाणी असं भिरकावायचं की वरच्या कोपऱ्यापर्यंत गेलं पाहिजे. बाकीच्यांचं पाणी अर्ध्यावरून खाली यायचं. माझं थेट वरच्या गाठीला लागायचं. मी डावखुरी होते. आजही आहे. अख्ख्या वर्षात माझ्या डाव्या हाताला कोणी शाबासकी दिली असेल तर ती त्या एका संध्याकाळी, तीही पडद्याचा वरचा कोपरा भिजला म्हणून.

सिनेमा दरवर्षी तोच. लढाईचा. त्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी बघितलाय त्यांना कळेलच आणि ज्यांनी नाही त्यांना नाव कळून काय मिळणार? एका वर्षी मंडळाने बदल म्हणून संतांचा सिनेमा आणला, तर गिरणीतनं सुटून आलेली माणसं म्हणाली, "आमचा नदीतला सरदार कुठाय?" पुढच्या वर्षीपासून परत सरदार.

तर ती लढाई. शत्रू गावावर चालून आलाय. गावातल्या बायकापोरांना, म्हाताऱ्यांना बैलगाड्यांत घालून नदीपलीकडे काढतायत. नदीला गुडघाभर पाणी. सरदार आणि त्याची चार माणसं उतारावर उभी. गाड्या एकेक पलीकडे जातात, माणसं एकेक पडतात. शेवटी राहते एक गाडी आणि एकटा सरदार. आणि नेमकं त्या गाडीचं चाक वाळूत रुततं. गाडीत एक म्हातारी, तिच्या मांडीवर वासरू आणि भोवती भांडी. बैल हलेनात. मग तो सरदार काय करतो, तर एका हाताने चाकाचा आरा धरतो आणि रेटतो, आणि दुसऱ्या हाताने तलवार चालवतो. मान एकदा चाकाकडे, एकदा शत्रूकडे. चाक एक बोट पुढे, एक वार अंगावर. परत एक बोट, परत एक वार. शेवटी गाडी हिसका देऊन वर चढते, भांडी खणखणतात, आणि तो सरदार, आता काही करायचं उरलंच नाही म्हणून, पाण्यात बसतो. पडत नाही हं. बसतो. अंघोळीला बसल्यासारखा. आणि ती म्हातारी मागे वळून बघते. गाणं नाही, भाषण नाही, काही नाही. नुसता बैलाच्या घुंगरांचा आवाज लांब जातो.



तसं बघायला गेलं तर त्या लढाईत हसण्यासारखं पुष्कळ होतं. मेलेले शिपाई पाण्यात पडलेले, नाकात पाणी गेलं की हळूच तोंड वर काढायचे. जाड मिशांचा एक माणूस पहिल्या वारात मरायचा, मग दुसऱ्या बाजूने परत यायचा आणि परत मरायचा. त्याला आम्ही "आला गं आला" म्हणायचो. लांब ताडाच्या झाडामागे विजेचा खांब सरळ दिसायचा. पण चाक रुतलं की अंगण गप्प. पुरुषांच्या बाजूने एकसारखं खोकणं ऐकू यायचं. इतके खोकले गिरणीच्या धुरानेसुद्धा येत नसत. आमच्या बाजूला खोकायची गरज नव्हती. आम्ही सरळ पदर तोंडाला लावून रडायचो, नाकं शिंकरायचो, "अरे मागं बघ, मेल्या!" म्हणून ओरडायचो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या बाजूने तो सरदार डाव्या हाताने लढायचा.

तुम्हाला वाचता वाचता कळलं असेल. आम्हाला कळलं नव्हतं. आमच्या बाजूच्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. मीसुद्धा पुढे दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. सुरुवातीला पडद्यावर नावं यायची ती उलटी आहेत हे कळायला सुलटी कुठे ठाऊक होती? सिनेमात कोणी जेवत नव्हतं, नाहीतर भांडं तेव्हाच फुटलं असतं. एक राणी होती, ती सरदाराला ओवाळायची डाव्या हाताने, आणि तिचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे, गुजराथी बायका घेतात तसा. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज सभा, मोर्चे, भिंतीभिंतीवर चुन्याने लिहिलेलं "झालाच पाहिजे". अशात आपली राणी गुजराथी पदर घेते म्हणजे काय? बायकांत बरीच कुजबुज झाली. शेवटी शेजारच्या मालवणी काकीने निकाल दिला. "तिचा म्हायार सुरतेचा असतला. त्यात तिचो काय दोष?" मग राणीला सगळ्यांनी माफ केलं.

मला राणीशी घेणंदेणं नव्हतं. मला तो हात हवा होता.

कारण घरात माझ्या हातामागे सगळे लागलेले. जेवायला बसलं की आई माझा डावा हात फडक्याने कमरेला बांधायची. वाढताना डावा पुढे झाला की पळी बसायची. आई काही वाईट नव्हती. तिला एकच धास्ती, की डावखुऱ्या पोरीला कोण करून घेणार? नैवेद्याचं ताट डाव्या हाताने वाढणारी सून कुठल्या घरात खपेल? मी फडक्याने बांधलेला हात घेऊन भात खायचे आणि मनात म्हणायचे, नदीतल्या सरदाराला कोणी नाही बांधून घातलं. त्याला जर लहानपणी कोणी पळीने मारलं असतं, तर त्या गाडीतल्या म्हातारीचं काय झालं असतं?

बाईच्या जातीने एवढ्या मोठ्या गोष्टी मनात आणू नयेत म्हणतात. पण मी आणल्या.

मग मला बघायला यायचं ठरलं. मुलगा प्रभादेवीचा, कापडाच्या दुकानात कामाला. आता त्यांना मी "हे"च म्हणणार, नाव तेव्हाही घेतलं नाही आणि आता घेऊन काय करू? नेमका त्या दिवशी हरताळ. बस नाही, ट्राम नाही, दुकानं बंद. बाबा म्हणाले, येत नाहीत आता. तर चौघं चालत आली! हे, यांची आई, यांचे मामा आणि मामांची काठी. काठी वेगळी मोजते, कारण मामा तालमीत दांडपट्टा शिकवायचे आणि हातात काहीतरी धरल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. यांच्या नव्या वहाणांनी पायाला फोड आलेला. बसल्या बसल्या यांनी हळूच एक वहाण काढली आणि तो पाय दुसऱ्या पायामागे लपवला. मी दाराच्या फटीतून ते बघितलं, आणि खरं सांगते, मला हा माणूस तिथेच आवडला. लपवायचं काहीतरी त्याच्याकडेही होतं.

आईने माझा डावा हात पदराखाली दडवून टोक कमरेला घट्ट खोचलं होतं. कोणी विचारलं तर भाजलंय म्हणायचं. मी उजव्या हातात ट्रे, त्यात चहाचे कप, असा तोल सांभाळत बाहेर आले. मामांनी कप उचलायला हात पुढे केला, काठीचं टोक ट्रेला लागलं, कप घसरला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. माझ्या हाताला माहीत. तो पदराखालून सुटला आणि त्याने बशीसकट कप हवेत झेलला. एक थेंब सांडला नाही.

आईने डोळे मिटून घेतले.

मामा म्हणाले, "मुलगी डावखुरी आहे."

बाबा म्हणाले, "छे छे, ते आपलं... भाजलंय."

"भाजलेल्या हाताने कप झेलला?"

तेवढ्यात हे बोलले, खाली बघूनच. "मामा, चहा मिळाला ना? कुठल्या हाताने आला ते चहाला कुठे ठाऊक?"

"तू गप रे! घरात देवधर्म आहे. उद्या सत्यनारायणाचा प्रसाद ही डाव्या हाताने देणार?"

काकी दारात उभीच होती. चाळीत मुलगी बघायचा कार्यक्रम म्हणजे दारात गर्दी असतेच. ती तिथूनच म्हणाली, "डावरी तर डावरी! नदीतलो सरदार काय उजवो होतो?"

मामांनी मान वळवली. "कोण सरदार?"

"गणपतीत येता तो. शिनेमातलो. चाक लोटता तो."

मामा हसले. सिनेमा त्यांचाही लाडका निघाला. प्रभादेवीच्या मंडळातही तोच यायचा, असाच पडद्याच्या दोन्ही बाजूंनी. "बाई, त्या सरदाराचा एकेक वार मी पोरांना तालमीत दाखवतो. तलवार उजव्या हातात. डावा चाकावर."

"डाव्यात तलवार," आई बोलून गेली. तिचे डोळे उघडले होते.

"उजव्यात गं," बाबा म्हणाले. "मी काय आंधळा आहे?"

"तुम्ही नुसते खोकत असता तेव्हा. डाव्यात होती."

आणि मग ज्यांच्याकडून कोणालाच अपेक्षा नव्हती त्या यांच्या आई, इतका वेळ डोईवरचा पदर ओढून बसलेल्या, हळूच म्हणाल्या, "डाव्यातच होती."

मामा उडालेच. "ताई! तू?"

"मी दरवर्षी बघते. रडते म्हणून चांगलं लक्षात आहे. डाव्या हाताने लढतो बिचारा."

पुढचा सगळा वेळ माझ्याकडे कोणी बघितलं नाही. स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का, कोणी विचारलं नाही. दारातल्या सगळ्या बायका डाव्याच्या, सगळे पुरुष उजव्याचे. मामांनी खोलीच्या मध्ये उभं राहून काठीने वार करून दाखवले, आमचा आरसा थोडक्यात वाचला. काकीने पोळपाटाचं चाक केलं आणि लाटण्याने डाव्या हाताची बाजू लढवली. माझे बाबा आणि आई, ज्यांच्यात कधी मोठ्याने शब्द झाला नव्हता, ते एकमेकांना "तुला दिसत नाही, तुम्हाला दिसत नाही" करत होते. हरताळ असल्याने पाहुण्यांना घाई नव्हती आणि चालत परत जायचंय म्हणून उत्साहही नव्हता. शेवटी मामांनी काठी आपटली.

"गणपतीत खेळ आहे ना तुमच्याकडे? मी स्वतः येतो. सरदार डावा निघाला, तर हिच्या डाव्या हातचा विडा खाऊन लग्न ठरवतो. उजवा निघाला, तर विषय संपला. पुरुषाचा शब्द आहे."

बाबा म्हणाले, "शब्द!" आणि हात पुढे केला. उजवा, अर्थातच. बाबांना वाटत होतं सरदार उजवा आहे. म्हणजे माझं लग्न मोडणार अशी खात्री असून त्यांनी हातावर हात दिला. आईने नंतर हे त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गॅलरीत जाऊन बसले.

जाताना यांनी वहाण पायात घालायची सोडून हातात घेतली आणि एकदा माझ्याकडे बघितलं. बस, तेवढंच.

गणपतीपर्यंत चाळीत दुसरा विषय नव्हता. पोरं अंगणात ओरडायची, "सरदार डावा झालाच पाहिजे!" आमच्या बायकांचा मोर्चा निघाला परळकडे, तर काकीने फर्मान काढलं की आपल्या चाळीच्या बायकांनी मूठ वर करायची ती डाव्या हाताची. का, तर पोरीच्या लग्नाला बळ यावं. पुढे चालणारी स्वयंसेविका सारखी मागे येऊन म्हणे, "अहो बाई, उजवा हात!" काकी तिला म्हणाली, "ह्यो आमचो घरचो प्रश्न आसा, तू पुढे चल." मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र आणि माझं लग्न, दोन्ही मागण्या एकाच मुठीत. मी पहिल्यांदा रस्त्यावर, हजारो माणसांसमोर, डावा हात मोकळा वर केला. कोणी पळी मारली नाही. त्या रात्री आईने जेवताना फडकं बांधलं नाही. विसरली असेल. मी आठवण केली नाही.

गणपतीत खेळाची संध्याकाळ आली. पडदा बांधला. मी तांब्या भिरकावला, तर पहिल्यांदाच पाणी वरच्या गाठीपर्यंत गेलं नाही. आरती झाली, माणसं बसली. मामा पुढे, अगदी मशीनजवळ, बाबांच्या शेजारी. हेही तिथेच. यांच्या आई मागे, आमच्यात, काकीला चिकटून. मला बसवेना. मी बादली घेऊन बांबूजवळ, पडद्याच्या कडेला उभी राहिले. पडदा वाळायला लागला की परत भिजवायचा, असं निमित्त.

रिळं बदलत बदलत नदी आली. "आला गं आला" दोनदा मेला. कोणी हसलं नाही. सरदाराने तलवार उपसली मात्र, मामा पुढून गरजले, "बघा! उजवा!"

मागून काकी, "डोळे फुटले काय? डावरो!"

"उजवा!"

"डावा!" आमची अख्खी बाजू.

"या इकडे आणि बघा!"

"तुमीच येवा हय!"

आणि दोघांनीही ऐकलं. हीच तर चूक झाली. एकाने ऐकलं असतं तर निभावलं असतं. मामा उठले, त्यांच्यामागे सगळे पुरुष उठले आणि डावीकडच्या बांबूला वळसा घालून मागे धावले. काकी उठली, तिच्यामागे सगळ्या बायका, आणि उजवीकडच्या बांबूला वळसा घालून पुढे. त्या गडबडीत गणपतीची शप्पथ, कोणाचा कोणाला धक्का लागला नाही. इतकी शिस्त आमच्या चाळीत नळावरसुद्धा नव्हती.

मग पडद्यामागून मामांचा आवाज, जरा चिरकलेला, "अरे... डावा! डावाच की रे!"

आणि पुढून काकी, "उजवो! उजवो गो बाये!"

"आता कशाला उजवा म्हणता? डावा आहे!"

"मघाशी तुमीच उजवो म्हणत होतात! आता जीभ फिरवतात?"

भांडण होतं तसंच राहिलं, फक्त बाजू बदलल्या. पुरुष जीव तोडून डाव्यासाठी भांडत होते आणि बायका उजव्यासाठी. आई पुढून बाबांना ओरडत होती, "अहो, उजवा आहे हो, तुमचंच बरोबर होतं!" आणि बाबा मागून, "नाही गं, तुझंच!" लग्नानंतर इतकं गोड ती दोघं कधी बोलली नसतील.

मशीनवाल्याने मशीन थांबवलं, रीळ उलटं गुंडाळलं आणि परत लावलं. त्याला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. खात्री करायला सगळे परत वळसा घालून आपापल्या जागी धावले. परत "उजवा!" परत "डावा!" परत धावाधाव. तो बिचारा सरदार त्या संध्याकाळी कितीदा पाण्यात बसला असेल, देव जाणे.

मी मात्र जागची हलले नव्हते. बांबूला धरून उभी होते. मान इकडे केली की डावा. मान तिकडे केली की उजवा. मध्ये नुसतं कापड, ओलं. मी मशीनकडे बघितलं. उजेड तिथून यायचा. तो खरा तिकडूनच यायचा. म्हणजे खरं ते पुढचं. आमच्याकडे यायचं ते पलटलेलं.

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! लग्नाचं नंतर. आधी तो सरदार गेला. माझ्या फडक्याने बांधलेल्या हातासाठी जो एकटा माणूस नदीत उभा होता, तो चारचौघांसारखा उजवा निघाला.

तिसऱ्यांदा रीळ लागलं तेव्हा सगळे अदलाबदल केलेल्या जागीच दमून उभे होते. पुरुष मागे, बायका पुढे. मी मोठ्याने म्हणाले, "मामा, तो उजवाच आहे. मशीन पुढे आहे ना? आम्ही मागून बघतो म्हणून आम्हाला डावा दिसतो. तुमचंच खरं."

काकी ओरडली, "गो, तुका कोणी बोलूक सांगला?" आईने कपाळावर हात मारला. विषय संपला होता, माझ्याच तोंडाने.

पण मामांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते पडद्यामागे, आमच्या जागेवर, काठी टेकून उभे. आणि पडद्यावर चाक रुतलं.

पुरुषांच्या बाजूला असते तर खोकले असते. पण ती आमची जागा होती. मांजरपाटाचा गुण म्हणा, आम्ही इतकी वर्षं तिथे रडलो त्याचा म्हणा. चाक एक बोट पुढे सरकलं आणि तालमीतले मामा हमसाहमशी रडायला लागले. "अरे मागं बघ! मागं बघ रे, लेकरा!" त्यांचं बघून बाबा रडले. मग सगळेच पुरुष. गाडी चढली, भांडी खणखणली, तो पाण्यात बसला, आणि पुरुषांची ती फौज धोतरांच्या सोग्यांनी नाकं पुसत उभी.

मामांनी घसा साफ केला. "इकडून जास्त लागतं," म्हणाले.

यांच्या आई पुढून आल्या. "मग? उजवा निघाला म्हणतेय ती. विषय संपला ना?"

"कोणी सांगितलं? मी माझ्या डोळ्यांनी डावा बघितला."

"पण मशीन..."

"मशीनला काय कळतं? डाव्या हाताशिवाय असा वार बसतच नाही. मी पोरांना शिकवतो, मला सांगू नका. काय वार होता!" आणि मग माझ्याकडे काठी रोखून, "विडा आण."

मी धावत घरात गेले, पानं घेतली, चुना लावला, सुपारी घातली. विडा डाव्या हाताने दिला. मामांनी डोळे मिटून तोंडात टाकला, कडू औषध घेतात तसा. चुना जरा जास्त पडला होता. तोंड भाजलं, पण त्या माणसाने शब्द मागे घेतला नाही.

मंडळाच्या लोकांनी आरडाओरडा करून सगळ्यांना आपापल्या जागी पाठवलं. उरलेला खेळ सुरू झाला. मी परत बादली घेऊन बांबूपाशी. बघते तर आमच्या बाजूला, बायकांमध्ये, ओल्या जमिनीवर हे मांडी घालून बसलेले. वहाणा शेजारी काढून.

"मेल्या, बायकांत बसतंस? लाज नाय?" काकी म्हणाली.

"मला इथनं बरं दिसतं," हे म्हणाले.

त्या वर्षानंतर चाळीत कोणी कुठे बसायचं याला धरबंध राहिला नाही. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला, मंडळाकडे चांगला जाड पडदा आला, त्याच्यातून पलीकडचं काही दिसेना. मग सगळेच पुढे बसायला लागले. मी गेले नाही. नैवेद्याची ताटं मी संसारभर डाव्या हाताने वाढली. देवाने कधी ताट परत पाठवलं नाही. सासूबाई तर आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या, "आमची सून सरदारासारखी आहे." ऐकणाऱ्यांना काही कळत नसे.

मध्यंतरी रविवारी दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. रंग उडालेला, आवाज खरखरीत. सुनेने हाक मारली, "आई, तुमची लढाई लागलीय." मी बघितलं, सरदार उजवा. मी उठून आत जायला लागले, तर यांनी हात धरला. म्हातारपणी यांचं चालणं काठीवर आलंय, मामांचीच काठी. हे उठले, लोखंडी कपाटाचा आरशाचा दरवाजा उघडून टीव्हीसमोर आणला, आणि आम्ही दोघं टीव्हीकडे पाठ करून कपाटासमोर बसलो. सून बघतच राहिली.

आरशात तो आला. तलवार डाव्या हातात. चाक रुतलं. आम्ही दोघंही खोकलो नाही.

तो पाण्यात बसला, घुंगरं लांब गेली, आणि हे डोळे पुसत म्हणाले, "हात बरोबर झाला गं. पण आता राणी परत सुरतेची."